शहरातून आणलेली भट्टी

"अजून लहान नाही होणार?" ल्युबिंकोने विचारलं.

वेलिझारने हातोडी खाली ठेवली. "होईल की. कॉफीचं भांडं करून देतो. त्यात दोन आलुबुखार टाक आणि बस फुंकत."

"तसं नाही हो उस्ताद. गॅरेजमध्ये गाडीच्या शेजारी मावलं पाहिजे, एवढंच म्हणणं आहे माझं."

"गाडीला विचारलंस का, असला शेजार चालेल का म्हणून?"

ल्युबिंको हसला. त्याला काहीही बोललं तरी चालायचं. उमेदीची सारी वर्षं त्याने व्हिएन्नातल्या लोकांच्या न्हाणीघरांत फरश्या बसवण्यात घालवली होती, आणि आता पेन्शन घेऊन तो गावी परतला होता. आल्याआल्या त्याने बापाच्या अंगणालाही इतकी गुळगुळीत फरशी बसवली, की कोंबड्यासुद्धा तिच्यावरून जपून चालू लागल्या. अंगण झालं, गॅरेज झालं, आता त्याला राकिया, म्हणजे फळांची दारू, गाळायची होती. बापाची आलुबुखाराची झाडं होती, फळांनी पिंपं भरली होती, फक्त भट्टी नव्हती आणि अक्कल नव्हती. भट्टीसाठी तो वेलिझारकडे आला होता. अकलेचीही सोय इथेच होईल असा त्याचा अंदाज असावा.

"हे बघ," वेलिझारने लखलखीत हंडा मांडीवर फिरवला. "यात तुझं आंबवण. तोंडापर्यंत भरायचं नाही, ते उकळताना फुगतं. वर हा टोप. टोपातून वाफ या नळीत जाणार, नळी थंड पाण्याच्या पिंपातून फिरत खाली येणार, आणि खाली तुझ्या नशिबात असेल ते टपकणार."

"आणि टोप आणि हंडा यांच्या फटीतून वाफ गेली तर?"

"तिथे कणीक लिंपायची."

"कणीक? व्हिएन्नात यासाठी रबराच्या चकत्या मिळतात."

"मग व्हिएन्नातच गाळ. रबराची चव लागते राकियाला. पिणारा विचारेल, ही आलुबुखाराची आहे की टायरची?"

बाजारपेठेत तांबटाचं असं हे एकच दुकान उरलं होतं. आजूबाजूच्या दुकानांत आता मोबाइलची कव्हरं टांगलेली असायची. वेलिझारही वर्षभर पर्यटकांसाठी चिमुकली कॉफीची भांडी ठोकायचा. त्यांत कोणी कधी कॉफी करणार नव्हतं, ती भिंतीवर अडकवण्यासाठी होती. ती ठोकताना त्याचं मन कुठेतरी दुसरीकडेच असायचं. पण भट्टी करायला बसला की त्याचे हात पुन्हा तरुण व्हायचे. पत्रा तापवायचा, विझवायचा, मठारायचा, वाकवायचा. दिवस कुठे गेला ते कळायचं नाही. आणि हा हंडा तर त्याच्या हातून आजवर झालेल्या सगळ्यांत उजवा झाला होता. म्हणूनच त्याच्याकडे बघताना त्याला आत कुठेतरी बोचत होतं.

"ओब्रादला सांगितलंस का?" त्याने मान वर न करता विचारलं.

"ओब्रादकाकांना? काय सांगायचं?"

"यंदा येऊ नका म्हणून."

ल्युबिंकोने कान खाजवला. "तुमचा सख्खा भाऊ तो. मी सांगितलं तर वाईट दिसेल. परदेशात राहून शेफारला म्हणतील. शिवाय त्यांच्या ट्रॅक्टरची चाकं... फरशी नवी आहे हो."

"बरं, माझ्यावर सोड," वेलिझार म्हणाला.

वेलिझार आणि ओब्राद या भावांचा बापही तांबट होता. म्हातारपणी त्याने थोरल्याला चाकांवरची मोठी भट्टी दिली आणि धाकट्याला दुकान. ओब्रादला हातोडीचा हात नव्हता, जाळाची मात्र नेमकी समज होती. बाप म्हणाला होता, "तांबं याचं, जाळ त्याचा. एकमेकांच्या ताटात हात घालू नका." तेव्हापासून दर शरदात ओब्राद ट्रॅक्टरमागे भट्टी जोडून आमच्या खोऱ्यातल्या अंगणाअंगणात फिरायचा. प्रत्येक घराचा दिवस ठरलेला. त्या दिवशी त्या घरी शेजारीपाजारी जमायचे, निखाऱ्यात मिरच्या भाजल्या जायच्या, बटाटे पुरले जायचे, जुनी भांडणं उकरली जायची आणि मिटायचीही. ओब्रादला त्या घरचं जेवण आणि गाळलेल्यातला थोडा वाटा मिळायचा. वाट्याचं त्याला फारसं अप्रूप नव्हतं. त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, घर पार वर टेकडीवर. भट्टीचे दिवस म्हणजे त्याच्यासाठी वर्षाची माणसं होती. उरलेलं वर्ष तो गायीशी बोलायचा.

पहिली लहान भट्टी वेलिझारने नदीपलीकडच्या एका माणसाला करून दिली होती. नदीपलीकडे ओब्राद जात नव्हता, मग त्यात काय बिघडलं? मग त्या माणसाच्या मेव्हण्याला दिली. मेव्हणा नदीच्या अलीकडचा निघाला. मग मेव्हण्याच्या शेजाऱ्याने बघितली. खालच्या वाडीत एकेक करत घरोघरी भट्ट्या झाल्या, आणि प्रत्येक वेळी वेलिझार स्वतःला म्हणायचा, एका घराने काय होतंय. पण पर्सिदाचं घर हे नुसतं एक घर नव्हतं. ल्युबिंकोची आई पर्सिदा आणि तिचा नवरा राडोसाव यांच्याच अंगणात ओब्रादने बापाशिवाय पहिल्यांदा भट्टी पेटवली होती. शरदातल्या मिहोल्याच्या सणाचा दुसरा दिवस, तो पर्सिदाकडचा. राडोसाव गेला त्या वर्षीही तो चुकला नव्हता.

आणि ओब्राद दुकानात आला तो नेमका हंडा पुरा झाला त्या दिवशी.

दारातून त्याची लांब सावली आत पडली तशी वेलिझारने हाताला लागलेलं पोतं हंड्यावर टाकलं. चोराच्या मनात चांदणं. ओब्रादच्या काखेत मोठ्या भट्टीचा टोप होता.

"याला चीर गेलीये," ओब्राद म्हणाला. "माझ्यासारखंच झालंय त्याचं, वरून गळायला लागलाय."

"ठेव. झाळून देतो."

ओब्राद स्टुलावर बसला. त्याने पोत्याकडे एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली. दुसऱ्याचं झाकलेलं उघडून बघणाऱ्यांतला तो नव्हता.

"खालच्या वाडीतून यंदा कोणाचंच बोलावणं नाही रे," तो म्हणाला. "मागच्या वर्षी निदान दोन-चार घरं होती. आलुबुखार गेले की काय त्यांचे?"

वेलिझारने भाता ओढला. निखारे लाल झाले, पुन्हा काळे झाले.

"मोहोर जळाला म्हणतात. वसंतात गारठा पडला ना."

"माझ्याकडे तर फांद्या मोडायला आल्यात."

"तू वर राहतोस दादा. गारठा खाली साचतो."

ओब्रादने यावर विचार केला. "खरं आहे. थंडी खालीच साचते," तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा सैल झाला. लोकांनी आपल्याला टाकलेलं नाही, देवाने त्यांचा मोहोर टाकला, एवढ्याने त्याला बरं वाटलं. वेलिझारला मात्र भात्यात तोंड घालून बसावंसं वाटलं.

"पर्सिदाकडची झाडं पण चांगली लागलीत," ओब्राद पुढे म्हणाला. "तिकडून येतानाच बघितली. तिच्याकडे काय, बोलावणं लागतच नाही. हे बघ." त्याने कोटाची कॉलर पुढे ओढून दाखवली. "नवीन लावून घेतली. दरवर्षी ओरडते माझ्यावर. म्हणते, ओब्राद, हा कोट तू घालतोस की तो तुला घालतो?"

आता सांगायचं, वेलिझारच्या मनात आलं. आत्ता, या क्षणी. दादा, तिकडे जाऊ नकोस. चार शब्द. त्याने तोंड उघडलं.

"टोप उद्या घेऊन जा," तो म्हणाला.

ओब्राद गेल्यावर मागच्या दारातून स्तामेंका आली. वेलिझारची बायको स्वयंपाकघरात असली तरी तिचे कान दुकानात असायचे.

"पोत्याखाली काय, कोंबडी उबवायला बसवलीय?"

"गप्प बस."

"मी गप्प बसते. तू बोल. त्याला सांगणार कधी आहेस? त्याचा ट्रॅक्टर त्या फरशीवर चढल्यावर?"

"सांगतो म्हटलं ना."

"त्या माणसाने मोहोर जळाल्यावर विश्वास ठेवला वेलिझार. त्याला वाईट नाही वाटलं, त्याला बरं वाटलं. मला इथे आत रडू आलं."

वेलिझारने भावाचा टोप पुढ्यात ओढला. त्या रात्रीच्या आत त्याने टोपाची चीर झाळली, न सांगता आतून नवी कल्हई केली, बाहेरून घासूनपुसून इतका चकचकीत केला की बापाच्या हातचा टोप नवाकोरा दिसू लागला. दुसऱ्या दिवशी ओब्राद तो बघून इतका खूश झाला की वेलिझारला तेही सोसेना.

सणाच्या दिवशी संध्याकाळी मात्र तो खरंच निघाला. स्तामेंकाने चीज भरलेला पिठा बांधून दिला, थोडा सायीचा कायमाक दिला. सांगूनच ये, असं बजावलं. टेकडीची वाट चढून तो वळणापर्यंत पोचला. तिथून ओब्रादचं अंगण दिसत होतं. ओब्राद बाह्या सरसावून मोठी भट्टी वाळूने घासत होता. चाकांना तेल दिलेलं होतं. आणि तो शीळ घालत होता, बाप जाळ धरताना घालायचा तीच, बेसूर. वेलिझार त्या वळणावर उभा राहिला. अंगणात गाय बांधली होती, ती मान वळवून मालकाकडे बघत होती. थोड्या वेळाने तो तसाच मागे फिरला. पिठा कुत्र्यांना घातला, म्हणजे घरी विचारणा नको.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली होती. शेवटी त्याने ठरवलं, की सकाळीच पर्सिदाच्या फाटकाशी जाऊन उभं राहायचं आणि ओब्रादला रस्त्यावरच गाठायचं. अंगणात शिरण्याआधी. निदान चारचौघांत नको.

अडचण अशी होती की ल्युबिंकोनेही आपल्या राकियासाठी नेमका तोच दिवस धरला होता. आठवडाभर वेलिझारला फोन करकरून त्याने आंबवणाचा पहिला उतारा काढून ठेवला होता. तो मचूळ, गढूळ. तो पुन्हा चढवल्याशिवाय त्याला राकिया म्हणत नाहीत. "खरी राकिया आजच उतरवायची," तो फोनवर म्हणाला होता. "आमच्या घरी लहानपणापासून याच दिवशी उतरते." हे कोणामुळे, ते त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

वेलिझार पोचला तेव्हा गॅरेजच्या तोंडाशी लहान भट्टी मांडलेली होती. गाडी बाहेर काढून तिच्यावर चादर टाकलेली होती. पर्सिदा खुर्चीत बसून कोबीच्या पानांत खिमा आणि तांदूळ भरून गुंडाळ्या करत होती. गुडघे गेले होते तिचे, पण हात चालू होते.

"ओब्राद येणार नाही म्हणाला हा पोरगा," ती वेलिझारला म्हणाली. "तू सांगितलंस म्हणे त्याला. काय म्हणाला तो?"

"काय म्हणणार," वेलिझार पुटपुटला.

"रागावला?"

"नाही."

"रागावला असता तर बरं होतं," पर्सिदा म्हणाली. "बघ, एवढं मोठं पातेलं भरून सार्मा करत बसलेय. हाताला सवय. तूच घेऊन जा त्याच्यासाठी."

वेलिझार फाटकाकडे गेला. रस्ता मोकळा होता. तो कान देऊन उभा राहिला.

"उस्ताद! हंडा गुरगुरतोय!"

"लाकडं मागे ओढ. जाळ मंद ठेव."

"किती मंद?"

"कोंबडी अंडी उबवतेय असं समज!"

जरा वेळाने पुन्हा हाक आली. नळीतून पहिली धार लागली होती. वेलिझारने फाटकातूनच ओरडून सांगितलं, की पहिली वाटी वेगळी काढ, ती पिऊ नकोस, ती डोळे घेते.

"फेकून देऊ?"

"तुझ्या आईला दे, गुडघ्यांना चोळायला!"

"अगं आई, बघ, गुडघ्यांची सोय झाली!" ल्युबिंको खुशीत आला होता. आणि खुशीत माणूस जे करतो तेच त्याने केलं. धार बारीक वाटली म्हणून दोन सुकी फाटी जाळात सारली.

टोपाखालची कणीक तडकल्याचा आवाज वेलिझारने फाटकाशी ऐकला. तो आवाज त्याला झोपेतही कळला असता. सांध्यातून वाफेची शीळ सुटली होती, आणि ती वाफ म्हणजे निम्मी दारूच, खाली उघडा जाळ. ल्युबिंको हात पसरून नुसता उभा होता. वेलिझार धावला. त्याने लाथेने लाकडं बाहेर उडवली, पर्सिदाच्या पुढ्यातला ओला फडका ओढून टोपावर टाकला, परातीतल्या कणकेचा गोळा घेऊन फटीवर दाबला. बोटं भाजली, तरी दाबत राहिला. जीव वाचवायचा होता हे खरंच. पण हंडा वाकू नये, त्याला काळं लागू नये, हेही त्या घाईत त्याच्या मनात होतं. कणीक धरली. शीळ थांबली. नळीतून पुन्हा थेंब पडू लागले, एकामागून एक, शहाण्यासारखे.

"वाचलो," ल्युबिंको म्हणाला.

तेव्हा त्यांना ट्रॅक्टरचा आवाज ऐकू आला. तो बराच वेळ येत असावा, कारण ट्रॅक्टर फाटकातून आत आलेला होता.

ओब्रादने इंजिन बंद केलं. मागे मोठी भट्टी, घासलेली, उन्हात नव्यासारख्या टोपासकट चमकणारी. अंगावर नव्या कॉलरीचा कोट. तो खाली उतरला, फरशीवर पाय जरा जपून ठेवले आणि हसत म्हणाला, "काय पर्सिदा, यंदा शेजारी कुठे आहेत सगळे? मी लवकर आलो की काय..."

त्याला लहान भट्टी दिसली होती. तिच्याखाली विझत आलेले निखारे दिसले होते. तिच्याशेजारी गुडघ्यावर बसलेला भाऊ दिसला होता, मनगटापर्यंत कणकेने भरलेला.

पर्सिदाने मुलाकडे पाहिलं. मुलाने वेलिझारकडे पाहिलं.

"ही कोणाची?" ओब्रादने विचारलं.

"माझी, काका," ल्युबिंको म्हणाला. "मी... आम्ही म्हटलं, यंदा घरातल्या घरात थोडीशी..."

"छान आहे. कोणी केली?"

ल्युबिंकोने तोंड उघडलं, आणि त्याच्या आधी वेलिझार बोलला.

"शहरातून आणलीये."

म्हणाला आणि त्याला कळलं की आता हे परत घेता येणार नाही. कणीक बोटांवर वाळत होती. पर्सिदा हातातलं पान तसंच धरून त्याच्याकडे बघत राहिली.

ओब्राद जवळ आला. भट्टीशी वाकला. हंड्याच्या कुशीवर जिथे पत्र्याची दोन टोकं मिळतात, तिथे त्याने अंगठा ठेवला आणि हळूहळू वरून खाली नेला. तो सांधा दातेरी होता, दातात दात अडकवलेला, हाताच्या बोटांत बोटं गुंफावीत तसा. आजकाल कोणी असा घालत नाही, सरळ झाळून मोकळे होतात. तिथे ट्रॅक्टरमागे उभ्या असलेल्या मोठ्या भट्टीवरही तसाच सांधा होता. तो बापाने घातला होता. बापाने तो एकाच मुलाला शिकवला होता.

अंगठा खालपर्यंत पोचला.

"हात चांगला आहे," ओब्राद म्हणाला. "कोण कारागीर?"

"नाव... नाव नाही माहीत."

"म्हातारा असेल कोणीतरी. नवीन पोरांना नाही जमायचं हे." तो सरळ झाला. "शहरात असतात अजून अशी माणसं. बरं वाटलं."

वेलिझारने मान खाली घातली. रागावला असता, शिव्या दिल्या असत्या, कणकेची परात डोक्यावर घातली असती, तर सुटका तरी झाली असती. भावाने त्याचं खोटं त्याच्या हातून घेतलं होतं आणि नीट घडी घालून ठेवलं होतं.

"अरे खुर्ची आण," पर्सिदा मुलावर ओरडली. "बघत काय बसलास? खुर्ची आण ओब्रादला!"

खुर्ची आली. ओब्राद बसला. भट्टीशेजारी खुर्चीत बसायची त्याची ही पहिलीच वेळ असावी. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. एकदा सवयीने तो चिमट्याकडे वाकला, मग मागे टेकला. थोड्या वेळाने जाळ पुन्हा मंद लागला. ल्युबिंको प्रत्येक फाटं सारण्याआधी त्याच्याकडे बघायचा. ओब्राद दर वेळी म्हणायचा, "तुला वाटेल तसं कर. तुझी भट्टी आहे."

मधली धार लागली तशी ल्युबिंकोने पेला भरला आणि ओब्रादपुढे धरला. चाकावरच्या भट्टीची रीत आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. भट्टीवाला सगळ्यांत शेवटी पितो. जाळ त्याच्या हातात असतो, म्हणून सगळ्यांची डोकी फिरली तरी त्याचं ठिकाणावर हवं. इतक्या शरदांत ओब्रादने या अंगणात कधी पहिला पेला घेतला नव्हता.

तो पेल्याकडे बघत राहिला. "मला आधी?"

"पाहुणे तुम्ही, काका," ल्युबिंको मनापासून म्हणाला. त्याला आदर दाखवायचा होता.

"हो की," ओब्राद म्हणाला.

त्याने पेला तिरका करून थोडी राकिया जमिनीवर सांडली. "राडोसावला," तो म्हणाला. फरशीत ती जिरेना. लहानसं थारोळं करून तशीच राहिली. पर्सिदाने रुमालाने नव्हे, भरल्याच हाताने डोळे पुसले, आणि गालाला तांदळाचा दाणा लागला तो तसाच राहिला. ओब्रादने उरलेली प्यायली, तोंडात घोळवली, गिळली.

"जमलीये," तो म्हणाला. "राडोसावला आवडली असती."

मग जेवणं झाली. सार्मा होता, ब्रेड होता, भाजलेल्या मिरच्या होत्या. ओब्रादने दोनदा मागून घेतलं, पर्सिदाला बरं वाटावं म्हणून. ल्युबिंकोने व्हिएन्नाच्या गोष्टी सांगितल्या. पर्सिदा एकदाच ओब्रादला म्हणाली, "पुढच्या वर्षी या दिवशी जेवायलाच ये. नुसता जेवायला ये." तो म्हणाला, "येईन ना." दोघांनाही माहीत होतं, की काम नसलेल्या घरी ओब्राद कधी जात नाही. त्याला बसता येत नाही.

निघताना वेलिझार त्याच्यामागे ट्रॅक्टरपर्यंत गेला. कुठल्या तोंडाने गेला ते त्याचं त्यालाच माहीत. ओब्रादने मोठ्या भट्टीची साखळी तपासली, टोप नीट बसलाय का बघितलं, त्यावर हात फिरवला.

"कल्हई झकास केलीस," तो म्हणाला.

"दादा."

"हं."

"दादा, ती भट्टी..."

"तेच तुला विचारणार होतो," ओब्राद मध्येच म्हणाला. त्याने कोटाच्या खिशातून हातमोजे काढले आणि एकेक बोट नीट बसवत घातले. "तो शहरातला कारागीर. तुझी ओळख आहे ना त्याच्याशी? आहे असं दिसतंय."

वेलिझारने होकाराची मान हलवली.

"मलाही एक करून देईल का, विचार. आता ही वर टेकडीवर पेटवायची म्हणजे एकट्या माणसाला... एवढी फळंच नाहीत माझ्याकडे. चार झाडं. ती कुजवायची का? दारापुढे आपलं आपण गाळू. गायीला काही राकियाचा वास चढत नाही."

तो आपल्या विनोदाला थोडासा हसला. वेलिझारला हसता आलं नाही.

"केवढी हवी?" त्याने विचारलं.

ओब्रादने हातमोजे घातलेले दोन्ही हात पुढे धरले, अंतर घेतलं, बघितलं. जास्त वाटलं असावं. त्याने हात आणखी जवळ आणले, मग आणखी थोडे, दुधाची किटली मावेल एवढे.

"एवढी. एका माणसापुरती," तो म्हणाला. "आणि सांधा असाच घालायला सांग त्याला. दातेरी."

"सांगतो," वेलिझार म्हणाला. "सांगतो त्याला."